शिडीमागचा चेहरा

लाकडी शिड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दोन महिन्यांत शिड्या खपल्या नाहीत तर कारखान्याला कुलूप लावायचं, हे शिडीवाल्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं, आणि सांगितल्यापासून त्यांचं स्वतःचंच जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी सासरी असलेल्या लेकीने त्यांना वेबसाइट करून दिली आणि फोनवरून समजावलं, की फोटो काढायचे, निवडायचे आणि अपलोड करायचे. पुढचं वेबसाइट बघून घेईल.

फोटोसाठी शिड्या अंगणात उभ्या करायच्या तर धरणार कोण? अर्थात बायको. चार फुटीपासून सोळा फुटीपर्यंत आठ शिड्या तिने एकामागून एक धरल्या. शिडीवाले मोबाइल उभा-आडवा करत तिला डावीकडे सरकायला, सरळ धरायला, हलू नको म्हणून सांगत होते. पायऱ्या सगळ्या आल्या की नाहीत, एवढंच त्यांना बघायचं होतं. आठही फोटो एका दमात वेबसाइटवर चढले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी चहा मागितला.

दुपारी लेकीचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. वेबसाइटने खरोखरच पुढचं बघून घेतलं होतं. फोटोत चेहरा दिसला की तो मधोमध घ्यायचा आणि बाकीचं छाटून टाकायचं, असा तिचा शिरस्ता. त्यात शिड्या गेल्या. उरली ती दोन पायऱ्यांमधून बघणारी आई, आठ वेळा, आणि खाली फुटांचे आकडे. चार फुटीला हसतमुख, आठ फुटीला गंभीर, बारा फुटीला कपाळावर आठ्या आणि सोळा फुटीला डोळे मिटलेली.

शिडीवाल्यांनी डोक्याला हात लावला. फोटो काढून कसे टाकायचे ते लेक सांगतच होती, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. एका वाचनालयातल्या बाई होत्या.

"त्या हसतायत ना, ती शिडी मिळेल का? मी इथे एकटीच असते. उंच नको मला, उचलता येईल अशी हवी."

संध्याकाळपर्यंत आणखी पाच जणांनी हसरीच मागितली. सोळा फुटीची चौकशी एकाने केली खरी, पण बाईंची तब्येत बरी आहे ना, एवढीच.

मागण्या येत राहिल्या आणि कारखाना तरला. शिडीवाले मात्र ते आठ फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिले. तीस वर्षं ही बाई आपल्या शिड्या धरत आली, आणि ती दमते हे आपल्या गावीही नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हलकं लाकूड आणून, पायऱ्या बारीक करून नवी सोळा फुटी बनवली. ती बायकोच्या हातात दिली आणि मोबाइल न काढता समोर उभे राहिले. ती हसली.

"म्हणजे हलकी झाली," ते म्हणाले.

"छे, जडच आहे अजून," ती म्हणाली. "पण तुम्ही पायऱ्या सोडून माझ्याकडे बघताय, ते पहिल्यांदाच. आता बघून झालं असेल तर दुसरी बाजू धरा."