वीस मिनिटं पुढे

घड्याळजीला एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्याच्या हाताखालून गेलेलं घड्याळ खोटं बोलत नाही. लोकांची पोरं बिघडतात, मित्र बिघडतात, फटफट्या तर रोज बिघडतात. त्याने बसवलेला काटा मात्र जागचा हलत नाही. म्हणजे हलतो, पण हलायचा तेवढाच. अशा माणसाला, जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांत होणाऱ्या बायकोच्या घरी जाऊन तिच्या आईबाबांचा होकार मिळवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

ही होणारी बायको घरातली धाकटी. सगळे तिला धाकटीच म्हणत. हळूहळू तोही म्हणायला लागला होता. बसमध्ये तिने सूचना दिल्या.

"बाबा बोलत नाहीत. त्याचा अर्थ काढू नकोस. आई बोलते. त्याचाही काढू नकोस. आत्या येऊन अठरा दिवस झालेत, तिच्याबद्दल काहीच बोलू नकोस."

"मग बोलू काय?"

"बोलूच नकोस. काहीतरी उपयोगी पड."

शुक्रवारी दिवसभरात बाबा त्याच्याशी तीन वाक्यं बोलले. "या." "जेवा." "झोपा." लग्नाचा ल सुद्धा निघाला नाही.

शनिवारी सकाळी सहाला तो हॉलमधल्या सोफ्यावर जागा झाला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. घड्याळ वीस मिनिटं पुढे! त्याने मनगट पाहिलं, पुन्हा भिंत पाहिली. उठून स्वयंपाकघरात गेला. तिथलं दहा मिनिटं पुढे. पॅसेजमधलं पंचवीस. दाताच्या डॉक्टरला सासरी जेवताना सगळ्यांचे किडलेले दात दिसावेत, तसं त्याचं झालं.

त्याने स्टूल घेतलं. सव्वासहाला तिन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळली होती. काचाही पुसल्या. आणि तो गप्प बसला. उपकार सांगायचे नसतात, दिसायचे असतात.

कोणालाच दिसले नाहीत.

इथे गोष्ट जरा थांबवू. वाचकहो, एकदा आपापल्या भिंतीकडे बघून घ्या. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे ना? कोणी लावलं, का लावलं, विचारून उपयोग नाही. तुम्ही बघता आणि मनातल्या मनात वजा करता. या घराने सोळा वर्षं वजाबाकी केली होती. बाबांना प्रत्येक ठिकाणी उशीर होई, म्हणून आईने काटे पुढे सरकवले होते.

बघितलंत? मग चला.

नऊ वाजून दहा.

आत्याची बस नऊ चाळीसला. स्टँड गाडीने पंधरा मिनिटांवर. दाराशी तिच्या दोन बॅगा कधीच्या उभ्या होत्या आणि आई भांडी लावताना गुणगुणत होती. गेल्या अठरा दिवसांत पहिल्यांदाच.

नऊ वीस.

आत्याने दुसरा चहा ओतून घेतला. बाबा पेपर वाचत होते.

"काका, बस नऊ चाळीसची ना?" घड्याळजीने विचारलं.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. "वीस मिनिटं पुढे आहे ते. आत्ता नऊच होतायत." आणि पान उलटलं.

घड्याळजीने मनगट पाहिलं. नऊ वीसच.

फोन नव्हते का घरात? होते. पण सोळा वर्षं भिंतीकडे बघणाऱ्याला खिसा आठवत नाही.

आता सांगायला हवं होतं. सरळ. पण सांगायचं तर आधी हे सांगायचं, की मी तुमच्या घरात येऊन पहिल्याच पहाटे भिंतींना हात लावला. तो धावत बाथरूमच्या दाराशी गेला.

"घड्याळं मुद्दाम पुढे लावलीत हे सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?" आतून पाण्याच्या आवाजातून धाकटी म्हणाली. "सगळ्यांकडे असतातच की."

नऊ तेवीस. तो परत हॉलमध्ये.

"निघायला हवं का, काका? नाही, सुट्टीची गर्दी असेल रस्त्याला."

आत्याची बशी ओठांपाशी थांबली. "पाहुण्यांना माझी फारच घाई झालेली दिसतेय."

"नाही नाही, आत्या. तुम्ही राहावं असंच वाटतंय मला."

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं.

"मग चहा तरी पिऊ द्या," आत्या म्हणाली.

नऊ पंचवीस झाले. नऊ तीस झाले. तो सोफ्याच्या कडेवर बसून काट्याकडे बघत राहिला. इतकं अचूक चालणारं घड्याळ त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नऊ चाळीसला बाबांनी पेपरची व्यवस्थित घडी घातली. "चल ताई. वेळेत आहोत."

दहा वाजून पस्तीस.

दारातून आधी एक बॅग आली, मग दुसरी, मग आत्या, मग बाबा. तीन वाक्यांचे बाबा आता थांबेनात.

"वेळेआधी सोडली बस. सरळ सरळ दांडगाई!"

"स्टँडवर घड्याळ आहे ना?" आई म्हणाली.

"आहे. नऊ पंचावन्न दाखवत होतं. तेही पुढेच असणार."

"आणि पुढची बस?"

"बुधवारपर्यंत एक सीट रिकामी नाही. पण मी सोडलं नाही त्या ड्रायव्हरला." बाबांनी खिशातून कागद काढला. तक्रारीची प्रत. त्यातला मजकूर असा:

"सदर चालकाने गाडी नियोजित वेळेच्या किमान पाच मिनिटे आधी सोडून एका वयस्कर (हा शब्द खोडलेला) महिलेची गैरसोय केली. त्याच्यावर कडक कारवाई व्हावी."

"स्टँडवरचे साहेब म्हणाले, सोमवारी बोलावून घेतो त्याला. नोकरीत नवा आहे, कायम व्हायचाय अजून. होतो आता कायम!"

घड्याळजी उभा राहिला. बस वेळेवर नेणारा माणूस. म्हणजे त्याच्याच जातकुळीतला.

"काका, बस वेळेवर गेली. घड्याळं मी बरोबर केली. सकाळी."

"बरोबर?" बाबांनी तो शब्द मांजराने आणलेल्या उंदरासारखा लांब धरून पाहिला. "तिन्ही?"

"तिन्ही. काचाही पुसल्या."

केस विंचरत आलेली धाकटी दारातच थांबली. बाबांनी फोन लावला. "साहेब, मघाची तक्रार फाडून टाका. ड्रायव्हरचं काही चुकलं नाही... नाही, आमच्याकडे तज्ज्ञ आलेत." फोन ठेवून त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. "होती तशी करा."

तो चढला.

"हॉलचं वीस पुढे," बाबा म्हणाले.

"वीस कुठलं? पंधरा," आई म्हणाली. "मी लावलंय ते."

दोघांनीही वर पाहिलं. वीस होतं हे घड्याळजीला सेकंदासकट ठाऊक होतं. त्याने काटा साडेसतरा मिनिटं पुढे सरकवला. दोघांनी आपापली वजाबाकी केली आणि समाधानाने मान हलवली. इतकं खोटं आपल्याला इतक्या सहज लावता येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ते झालं," आई हळूच म्हणाली, "पण बुधवारपर्यंत ताईंचं..."

"तुमची सोमवारची दोन तिकिटं आहेत ना?" बाबांनी घड्याळजीला विचारलं.

"हो."

"ताईच्याच गावावरून जाते ती बस. ताई धाकटीबरोबर जाईल."

"आणि मी, काका?"

"तुम्ही राहा बुधवारपर्यंत. घरचेच आहात." बाबा पेपर उघडत म्हणाले. "आणि काका काय म्हणता? बाबा म्हणा. पण आधी त्या स्टुलावरून खाली उतरा."