कप्तानाच्या मायचं गाव

कप्तानाला दुसरी आई निघाली त्या संध्याकाळी शकूमावशींनी टीव्हीवर टॉवेल टाकला. टीव्ही बंद केला नाही, आवाज कमी केला नाही, सरळ टॉवेल टाकला. आत कप्तान हिंदीत बोलतच होता आणि बाहेर मावशी त्याच्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला म्हणाल्या, "बयान बदलणारा माणूस मले घरात चालत नाई, मास्तर."

शकूमावशी म्हणजे आदिलाबादेत मी ज्यांच्या माडीवर राहतो आणि ज्यांच्याकडून माझं जेवणाचं ताट वर येतं त्या घरमालकीण. सोयरिकी जुळवणं हे त्यांचं काम. इकडे तलमडुगु, तिकडे मंचेरियल, यांच्यामधल्या आपल्या मराठी घरांत त्यांनी इतकी लग्नं लावून दिली आहेत की बाजारात निघाल्या तर तास तास परतत नाहीत. आणि आजवर एकही सोयरीक मोडलेली नाही. कारण त्यांची पद्धत.

त्या पगार विचारत नाहीत, शेत विचारत नाहीत. मुलाला एकच विचारतात, "मायचं गाव कोणतं?" मग इकडचं तिकडचं बोलून दुसऱ्या चहाला पुन्हा तेच. शेवटी तो दारात चपला घालत असताना, वाकलेला असताना, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा उत्तर एक आलं तर वहीत नाव चढतं. "झुट्याले दुसरा चहा पचत नाई," असं त्यांचं म्हणणं.

ही आकाशातली मालिका त्यांना मीच लावून दिली, ते पाप माझंच. बाहेरदेशची, हिंदीत डब केलेली. तिच्यातलं काहीही मावशींना खटकलं नाही. निळ्या कातडीचा डॉक्टर चालला, दोन चंद्र चालले, तारे मागे टाकणारं जहाज तर त्यांना आपल्या उटनूरच्या बसपेक्षा बरं वाटलं. पण पहिल्या भागात कप्तान म्हणाला होता की तो सात वर्षांचा असताना त्याची आई आगीत गेली. मावशींनी त्या दिवशी डोळ्याला पदर लावला होता. पुढे एका भागात म्हणाला, मी अनाथालयात जन्मलो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्या संध्याकाळी चक्क आई पडद्यावर आली, केस विंचरलेली, धडधाकट. डॉक्टरने विचारलं, आधी का नाही सांगितलं? कप्तान म्हणाला, सांगायची वेळ आली नव्हती.

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. असा धक्का बसलेला चेहरा मी त्यांच्या घरात पूर्वी पाहिला नव्हता. "दोन डोक्याचा माणूस असू शकते," त्या हळूच म्हणाल्या. "पण दोन माया?"

मग वही निघाली. उमेदवारांची वही. तिच्यात त्यांनी लिहिलं: मुलगा कप्तान. नोकरी सरकारी, वरती. मायचं गाव पयले जळालं, मंग नवतंच, आता सापडलं. शेरा: पोरगी देऊ नये.

पुढचे दोन आठवडे त्याच एका वाक्याचा उद्धार. भाजीवाल्याने वांग्याचा भाव बदलला की, "काऊन बाप्पा, सांगाची येळ नवती आली का?" आणि वर स्वतःचं उदाहरण. "माह्यंच पाह्य. तलमडुगु गाव, बाप सालदार, मी एकुलती एक. बयीन नाई, भाऊ नाई. लग्न झालं, लेकरू झालं नाई, मालक गेले. इतक्या वर्सांत कानामात्रा बदलली?"

मी हसत होतो आणि आतून घाबरलो होतो. कारण वहीत पुढचं नाव माझं होतं.

मला पाचव्या वर्षी कोणीतरी उटनूरच्या वसतिगृहात आणून सोडलं. कोणी, ते ठाऊक नाही. आईच्या नावाची जागा रजिस्टरात रिकामी आहे, गावाचीही. शाळेत मी सांगत असे, आई वारली. कॉलेजात तिला मंचेरियलला शिवणकामाला लावलं. खोली घेताना मावशींना म्हणालो, आई गावी असते, आणि पुढे त्यांना काय काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. विचारणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं म्हणून देत गेलो. खरं फक्त विद्याला सांगितलं. ती आमच्याच शाळेत शिकवते, आणि आम्हाला लग्न करायचं होतं. ती म्हणाली, "मले चालते. पण काका इचारतील." आणि तिचे काका मावशींच्या शब्दाबाहेर सोयरीक करणारे नव्हते. काकांच्या मुलीचं लग्नही मावशींनीच जमवलेलं.

रविवारी काका आले. टॉवेल टाकलेल्या टीव्हीकडे त्यांनी एकदा पाहिलं, काही विचारलं नाही. पोहे झाले, चहा आला.

"मास्तर, तुमच्या मायचं गाव कोणतं?" काकांनी विचारलं.

खरं सांगायचं असं मी ठरवून बसलो होतो. मी बशी बाजूला सारली.

"तलमडुगु," मावशी म्हणाल्या.

काकांनी कप खाली ठेवला. "तुमचं गाव?"

"माह्यंच. माह्या लहान बयनीचा पोरगा हाय तो."

मी मावशींकडे पाहिलं. काकांनीही. "पण बाई, तुमी तर एकुलत्या एक. माह्या पोरीच्या लग्नात तुमीच सांगत होत्या."

मावशींनी पदर सावरला. कपाळावर एक आठी नाही. "सांगाची येळ नवती आली," त्या म्हणाल्या. "तीन वर्सांपासून तो मले मावशी म्हणून राह्यला. काऊन म्हणत असन, तुमी कधी इचारलं?"

काका मावशींच्याच तालमीत तयार झालेले. दुसऱ्या चहाला त्यांनी पुन्हा विचारलं. दारात चपला घालताना तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा मावशींनी तलमडुगुच सांगितलं. काका समाधानाने गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. मावशींनी डब्यामागून वही काढून माझं पान उघडलं. आई गावी. आई वारली. आई मंचेरियलले. तिन्ही माझ्याच तोंडची, खाली तारखा.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्याच म्हयन्यात."

"मग बोलला नाहीत?"

"कप्तान झूट बोलते अन् लगेच जहाज चालवते. तू मायचं काई सांगतो त्या दिवशी जेवत नाई. ताट तसंच खाली येते."

त्यांनी तिन्ही ओळींवर काट मारली आणि पेन थांबवून विचारलं, "तिचं नाव काय लिहू?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग वहीकडे पाहतच म्हणाल्या, "लहानपणी बाप-माय वावरात जात, मी घरी एकटीच. मंग खेळात मी एक बयीन केली होती. तिचं नाव ठेवलं होतं. कुणाले सांगितलं नाई कधी." आणि त्यांनी लिहिलं: कमल, तलमडुगु. "आता पुढच्या भागात बदलू नको."

मला रडू आलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्या उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. आठ वाजत आले होते. मी गेलो तेव्हा टीव्हीवरचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता.

"लाव," त्या म्हणाल्या. "त्या कप्तानाची काय अडचण होती, ते तर पाहू."