अण्णाजींची शेवटची चिठ्ठी

लग्नाच्या पंगतीत वरण वाढून घेता घेता अण्णाजी गावंडे शेजारच्याला हटकत, "जमिनीचं काम झालं काय जी तुमचं?" त्या बिचाऱ्याचा घास हातातच राही.

आम्ही दोघं अमरावतीच्या एका कचेरीत जमिनीचे कागद सांभाळायचो. नोंद बदलली की अण्णाजी नवा कागद लिहीत आणि जुन्यावर तांबडी रेघ मारत. पण तो फाडत नसत! जुन्याची नक्कल कुणी नेलेली असली, तर त्याच्या नावाची चिठ्ठी कागदाला टाचलेली. त्याचं काम आटपेपर्यंत कागद जागचा हलायचा नाही. "त्यानं जे पाह्यलं, ते अर्ध्या कामात गायब करता काय तुमी?" शेवटची चिठ्ठी निघाली की मात्र कागद असा टराटरा फाडत, जसं काही पोरगं मॅट्रिक पास झालं.

त्यात आणखी एक हट्ट. सगळ्यात जुनी चिठ्ठी निघाल्याशिवाय पुढचा एकही रेघ मारलेला कागद फाडायचा नाही. आणि दोन वर्षं ती निघेचना! कपाट फुगलं, कागद माझ्या खुर्चीवर आले, मी व्हरांड्यात गेलो. चिठ्ठीवर नाव कुणाचं? द्वारकाबाई, चांदूर बाजार. अण्णाजींची सख्खी थोरली बहीण! एकटीच राहायची. 'काम झालं का कळव' म्हणून तीन कार्डं गेली. उत्तर नाही.

नवे साहेब कडक. "सोमवारी कपाट रिकामं दिसलं नाही, तर सरसकट सगळं जाळतो." म्हणजे ज्यांची कामं चालू, त्यांचेही कागद गेले! अण्णाजींचं धाबं दणाणलं. रविवारी मला ओढत त्यांनी चांदूर बाजार गाठलं.

आक्का ओसरीवर तूर निवडत होती.

"आक्का, तुह्यं काम झालं का नाही?" पाणीसुद्धा न पिता यांचा सवाल.

"कवाचंच झालं. मागल्या साली."

"अवं, मंग सांगाले काय झालं व्हतं तुले? कचेरी बुडून राह्यली माही!"

आक्कानं मान वर केली नाही. "सांगतलं असतं तं आला असता काय तू? माय गेली तवापासून पाय तरी ठेवला काय या घरात?"

मला वाईट वाटलं, दोघांचंही. अण्णाजी तिच्याजवळ बसले आणि सुपातले खडे वेचू लागले.

संध्याकाळी ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "चढा की!"

"तुमी व्हा पुढं. चिठ्ठी तुमीच काढा, कागदही तुमीच फाडा. सायबाले सांगा, अण्णाजीची गाडी चुकली."

कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा ते दारापासून दोन हातांवर उभे होते.