नवव्या मजल्यावरचा पोस्टमन

ज्या मंगळवारची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश होते. यंत्रांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. आमच्या ग्रंथालयातला प्रिंटर माझी नुसती चाहूल लागली की चालू होतो, आणि बाबांचा गेम तर मी अशा खुबीने बसवून दिला होता की कंपनीच्या माणसानेही तोंडात बोट घालावं. ही बढाई आधीच मारून घेते, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

बाबा चौतीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. तरुणपणी ज्या इमारतीत कामाला जात, तिच्या तळमजल्यावर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे ते एकच गेम खेळायचे. खांद्याला पिशवी लावलेला एक पोस्टमन, वीस मजली इमारत, मजल्यामजल्यावर कुत्रे आणि मधोमध लिफ्ट. असले जुने गेम आता नव्या यंत्रावर डाउनलोड करून मिळतात हे कळल्यावर मी ते यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं, पोस्टमन उतरवून घेतला, आणि बाबा सोफ्यावर जे बसले ते उठेचनात. सहा-सहा तास. पाय भोपळ्यासारखे सुजले. डॉक्टर म्हणाले, तासाभराने उठायलाच हवं. सांगून ऐकतील ते बाबा कसले!

तेव्हा मी शक्कल लढवली. या यंत्रात मुलांच्या खेळण्यावर वेळेचं बंधन घालायची सोय असते. मी पालक झाले आणि बाबांना मूल केलं. त्र्याहत्तर वर्षांचं मूल यंत्र घेईना, म्हणून नऊ वर्षांचं केलं. रोज एक तास. तास संपला की खेळ बंद, पोस्टमन असेल तिथे गोठून राहणार. आणखी वेळ हवा असेल तर बाबांनी बटण दाबायचं, की माझ्या फोनवर अर्ज हजर: 'मेकॅनिक यांना आणखी १५ मिनिटं हवी आहेत.' खाली दोन चौकोन. हो आणि नाही.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. नऊ वर्षांचा नवरा तिला मानवला नसता. यंत्र तापतं म्हणून तासाने बंद पडतं, असं आम्ही तिला सांगितलं होतं.

"साहेब," बाबा त्या सकाळी फोनवर म्हणाले. अर्ज करायची वेळ आल्यापासून ते मला साहेबच म्हणत. "या इमारतीचा मेकॅनिक कोण आहे? त्याला घरी बसवा."

"आता काय झालं?"

"नवव्या मजल्यावर केबिन नीट थांबत नाही. दीड फूट खाली थांबते. दार उघडलं की समोर भिंत. हिला सर्टिफिकेट दिलं कोणी?"

"बाबा, चाळीस वर्षांपूर्वीचा गेम आहे तो."

"म्हणजे चाळीस वर्षं कोणी तक्रार केली नाही. कमाल आहे लोकांची."

"पायांची सूज कशी आहे?"

"पाय झकास. तू वेळेचं बोल. तासात माझे आठ मजले होतात. नववा आला की तू मला हाकलतेस."

"मी नाही, डॉक्टर."

"डॉक्टरकडे बटण नाही," बाबा म्हणाले.

दुपारी चारला अर्ज आला. मी कामात होते. 'नाही' दाबलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. बुधवारी सकाळी दाढीचा साबण लावता लावता बाबा म्हणाले, जरा बसतो. बसले, ते परत उठले नाहीत.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, मंगळवारी सकाळी आमचं छान बोलणं झालं, हसत होते. दुपारचं कोणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिच्यासमोर बसले की माझं घड्याळ दुपारच्या चारवरच अडकायचं, पुढे सरकायचंच नाही. यंत्रं माझं ऐकतात असं मी वर म्हटलंय खरं, पण हे एक यंत्र मला ते विसरू देईना. दर सोमवारी ते मुलाचा साप्ताहिक अहवाल पाठवायचं. 'तुमचं मूल या आठवड्यात शून्य मिनिटं खेळलं. शाबास! पडद्यापासून दूर राहण्याची सवय अशीच टिकवा.'

असे तीन अहवाल आले. तिसऱ्यानंतर मी ग्रंथालयात बसल्या बसल्या फोनवरून ते खातं बंद करायला घेतलं. यंत्राने कारण विचारलं. दोन पर्याय होते: 'मूल मोठं झालं' आणि 'मूल चुकून जोडलं गेलं'. मी बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले आणि फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे सव्वातीन. ग्रंथालयाच्या वाचन कक्षात मी परत आलेली पुस्तकं लावत होते. फोन थरथरला. पाहते तर, 'मेकॅनिक यांना आणखी १५ मिनिटं हवी आहेत.'

सतरा वर्षं मी त्या कक्षात लोकांना 'शू' करत आले आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने कपाटाच्या काचा हलल्या. कोपऱ्यात रोज पेपर पांघरून झोपणारे एक आजोबा ताडकन उठून बसले आणि मलाच म्हणाले, "शू."

मी आईला फोन लावला. सहा वेळा. उचलेना. डोकं भराभर चालायला लागलं, म्हणजे चुकीच्या दिशेला. आई घरात नाही, घरात कोणीतरी शिरलंय, ते तासभर खेळलंय आणि आता वाढीव वेळ मागतंय. आई-बाबांच्या खालच्या मजल्यावर फौजदारकाका राहतात. त्यांनी जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. फौजदार हे नाव त्यांच्या मिशांना मिळालेलं. मी त्यांना फोन केला.

"काका, जरा वर जाऊन बघता? आई फोन उचलत नाही, आणि बाबांच्या नावाने अर्ज आलाय."

"कसला अर्ज?"

"आणखी पंधरा मिनिटं हवीत म्हणून."

मग काका फार मऊ आवाजात म्हणाले, "होतं असं, बेटा. आमची ही गेली तेव्हा मला महिनाभर तिची हाक ऐकू यायची. पाणी पी. जवळ कोणी आहे का तुझ्या?"

"काका, मी ठीक आहे. घरात चोर असेल."

"चोर पंधरा मिनिटं कशाला मागेल?"

"तासभर खेळून झालंय त्याचं."

"तू पाणी पी," काका म्हणाले. "मी जातो वर."

मी टॅक्सी पकडली. चौकातल्या सिग्नलला काकांचा फोन आला. कुजबुजत होते.

"बेटा, तू म्हणत होतीस ते खरं आहे."

"काय खरं आहे?"

"ते आत आहेत. वहिनी बोलताहेत त्यांच्याशी. 'घाबरू नका, मी आहे इथे. कितव्या मजल्यावर आहात ते कळलंय मला. काढते तुम्हाला बाहेर.' माझ्या या कानांनी ऐकलं."

"काका, बेल वाजवा."

"वाजवली. आतून म्हणाल्या, थांबा जरा, माणूस अडकलाय."

"मग?"

"मग काय. अडकलाय म्हटल्यावर थांबायचं कसं?" काका म्हणाले, आणि पाठोपाठ फोनमधून एक प्रचंड आवाज आला. अर्धा लाकडाचा, अर्धा काकांचा.

मी पोचले तेव्हा दार बिजागऱ्यांतून निखळून नुसतं कडीला लटकत होतं. कडी बाबांनी बसवलेली. काका चपलांच्या कपाटाशेजारी खुर्चीत खांद्याला बर्फ लावून बसले होते. आई सोफ्यावर, बाबांच्या जागी. मांडीवर गेमचा रिमोट.

"दार वाजवून थांबायचं असतं, भावजी," ती अजून ऐकवत होती.

"तीनदा वाजवलं, वहिनी."

"मग मीही थांबा म्हटलं की."

"आई, फोन कुठे आहे तुझा?"

"उशीखाली. रोज तेच ते बोलायचा कंटाळा आला. आवाज बंद करून ठेवलाय." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कशाला आलीस कामावरून?"

"तू काय करत होतीस?"

ती जराशी ओशाळली. मग टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "तो माणूस नवव्या मजल्यावर अडकलाय. त्या मंगळवारपासून. आज पुसायला म्हणून टीव्हीपाशी गेले, रिमोटला धक्का लागला आणि तो दिसला. अर्धा वर, अर्धा खाली. यांनी चौतीस वर्षांत कोणाला तासाच्या वर आत ठेवलं नाही. एकदा पंचावन्न मिनिटं लागली, तर तीन दिवस धड जेवले नव्हते. आणि याला महिना होत आला. मला बघवेना."

"आणि तू त्याच्याशी बोलत होतीस."

"बोलावंच लागतं. हे सांगायचे ना, आधी आवाज द्यायचा. आतल्या माणसाला कळलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आहे. तासभर बटणं दाबली, आठ वेळा भिंतीवर आपटला बिचारा. मग यंत्र तापून बंद पडलं, तरी दिसेल ते बटण दाबत राहिले."

पडद्यावर लिहिलं होतं: 'तुमच्या पालकांच्या परवानगीची वाट पाहत आहोत.'

आईने ते सावकाश वाचलं. "हे पालक कोण?"

काका उठले. "येतो मी," म्हणाले. दार ओढून घ्यायला हात मागे नेला, मग आठवलं, आणि तसेच खाली गेले.

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे यंत्र तापत नाही?"

"नाही. डॉक्टर म्हणाले होते तासाने उठायला हवं, म्हणून मी घातलं बंधन. वेळ वाढवायची तर मला विचारावं लागतं."

आईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी चहा घेऊन आले तेव्हा असंच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, झाला ना तास, उठा आता. तर म्हणाले, थांब, माणूस आत आहे, येईल इतक्यात."

"काय येईल?"

"ते नाही सांगितलं. नुसते बसून होते वाट बघत. मग पडदाच काळा झाला. म्हणाले, बरं, उद्या काढू."

मी फोन काढला. अर्ज तसाच होता. 'हो' दाबलं. टीव्हीवर नववा मजला उजळला. अर्धवट उघडं दार, समोर भिंत, खांद्याला पिशवी लावून पोस्टमन उभा. आई एकदम पुढे सरसावली. रिमोट तिने पोळपाट धरावा तसा दोन्ही हातांनी धरला होता. पोस्टमनने उडी मारली, भिंतीवर आपटला आणि परत उभा राहिला.

"घाबरू नका," आई त्याला म्हणाली. मग पडद्यावरून नजर न काढता मला म्हणाली, "तू कामात असशील तेव्हा. दिसलं नसेल तुला."

इतकं सोपं करून दिलं होतं तिने. नुसतं 'हं' म्हणायचं होतं. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. पोस्टमन पुन्हा आपटला.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "आई, मी कामात नव्हते. खिडकीपाशी चहा पीत उभी होते. त्यांचा अर्ज आला, मला हसू आलं, आणि मी नाही दाबलं. वाटलं, चिडून फोन करतील. मला त्यांच्याशी बोलायचं होतं."