अकरा ते एक बसण्याचा हक्क

टॅमरॅक गावच्या प्राथमिक शाळेतून एका सोमवारी सकाळी साडेसात वाजता एक खुर्ची काढून घेण्यात आली. खुर्ची लाकडी होती. फरशी खरवडू नये म्हणून तिच्या चारपैकी तीन पायांना टेनिसचे चेंडू बसवले होते. चौथा कुणा दुसरीतल्या कार्ट्याने लांबवला होता. जेवणघराच्या काउंटरमागे ती बावीस वर्षं होती आणि तिच्यावर डोरीन हॅवरकॅम्प नावाची कर्मचारी बसत असे.

डोरीनचं काम साधं. अकरा ते एक मुलं ताटं घेऊन रांगेने येत, आपापल्या जेवणखात्याचा नंबर सांगत, ती तो यंत्रात घालत असे. तिचा उजवा गुडघा झिजलेला होता. रोज दोन तास सलग उभ्या राहिलात तर गुडघा हातचा जाईल, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. शिवाय खुर्चीवर बसलं की बालवर्गातल्या पोरांची तोंडं बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत. कोण रडून आलंय, कुणी नुसतं दूधच उचललंय, ते तिला लगेच कळे. उभं राहिलं की नुसत्या टोप्या दिसत.

खुर्ची काढली प्रिन्सिपॉल ब्रेंट लुडविग यांनी. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसांना एवढं प्रशिक्षण देत नाहीत. उन्हाळ्यात ते एका हॉटेलात तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते. कर्मचाऱ्यांनी मुलांचं स्वागत उभ्याने केलं की मुलांचं गणित सुधारतं, असा शोध त्यांना तिथे लागला. परतल्यावर त्यांनी आपल्या फिरत्या खुर्चीत बसून फतवा काढला: 'यापुढे सर्व कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे स्वागत उभे राहून करावे.'

डोरीन तडक त्यांच्या खोलीत गेली.

"सर, माझी खुर्ची."

"अहो डोरीन, तुमच्या गुडघ्याचं मला माहीतच नव्हतं," लुडविग कळवळून म्हणाले. अगदी खरोखर कळवळले. "ती बघा, कोपऱ्यात आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण डोरीन खुर्चीला हात घालते तोच दारात रॉस्को टिंडल हजर झाला. रॉस्को शाळेची बस चालवायचा आणि युनियनचा प्रतिनिधी होता. करार त्याला तोंडपाठ होता; बायकोचा वाढदिवस नव्हता.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "आज मेहरबानी म्हणून घेशील, उद्या मेहरबानी म्हणून काढतील. हा तुझा हक्क आहे, डोरीन. कलम अठरा. तीन वर्षांहून जास्त चालत आलेली सोय युनियनला विचारल्याशिवाय काढता येत नाही. आपण तक्रार ठोकायची."

"अरे, पण ते देतायत ना?"

"म्हणूनच! देतायत म्हणजे घाबरलेत."

तिकडे लुडविग यांनी शिक्षण मंडळाच्या कार्यालयात फोन लावला. मनुष्यबळ विभागाच्या संचालक मिस व्हिटकोम यांनी त्यांना फैलावर घेतलं. "परत दिलीत तर पायंडा पडेल. मंडळात अकराशे कर्मचारी आहेत आणि प्रत्येकाला दोन गुडघे आहेत. हिशेब करा." तक्रार दाखल झाल्यावर खुर्ची ही खुर्ची राहत नाही, वादग्रस्त वस्तू होते, हेही त्यांनी समजावलं. दुपारी खुर्चीला लाल चिठ्ठी लागली, तिच्यावर 'पुरावा क्रमांक एक' असं लिहिलं गेलं, आणि ती मंडळाच्या कोठीत कुलूपबंद झाली. डोरीन काउंटरमागे उभी राहिली.

करारात तक्रारीच्या चार पायऱ्या होत्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे कोर्ट टाळायला म्हणून चार पायऱ्या बांधल्या होत्या आणि चढायच्या होत्या गुडघा गेलेल्या बाईने. पहिली पायरी, दहा कामाच्या दिवसांत प्रिन्सिपॉलशी तोंडी चर्चा.

"ती तर झाली की," डोरीन म्हणाली.

"ती धरत नाहीत. तिच्यात तुमचं एकमत झालं होतं," रॉस्को म्हणाला.

म्हणून चर्चा पुन्हा झाली. मिस व्हिटकोम यांनी लिहून पाठवलेला नकार लुडविग यांनी वाचून दाखवला. वाचताना ते चार वेळा 'सॉरी' म्हणाले, ते इतिवृत्तातून गाळण्यात आलं. दुसऱ्या पायरीवर मंडळाच्या अधीक्षकांनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला चार मिनिटं असताना, उत्तर दिलं: खुर्ची हे फर्निचर आहे, कामाची परिस्थिती नव्हे. तिसरी पायरी म्हणजे मंडळाची सभा. तिथे फुटबॉल मैदानाच्या नव्या गुणफलकावर तीन महिने चर्चा चालू होती, त्यामुळे खुर्चीचा विषय बर्फ वितळल्यावर निघाला. पाच विरुद्ध दोन मतांनी तक्रार फेटाळली गेली. बाजूने पडलेली दोन मतं ज्यांची होती, त्यांची निवडणूक नोव्हेंबरात होती.

या अवधीत डोरीन उभी होती. बाराच्या सुमाराला गुडघा टोमॅटोसारखा फुगे. एकदा मुख्य स्वयंपाकीण ग्लेंडा हिने लोणच्याची रिकामी बादली उलटी घालून तिच्यामागे सरकवली. "बस गं दोन मिनिटं. कोण मेलं बघतंय?"

रॉस्को बघत होता. "बादलीवर बसलीस की केस गेली! उद्या म्हणतील, हिचं बादलीवर भागतंय, खुर्ची कशाला? शाळेच्या आवारात कशावरही टेकायचं नाही. चर्चमध्ये बस, पण फोटो काढू देऊ नकोस."

"मेल्या," ग्लेंडा म्हणाली, "तुझ्या बसला ड्रायव्हरची सीट आहे ना? ती काढ, आणि चालव उभ्याने!"

रॉस्कोने ही सूचना ऐकून न ऐकल्यासारखी केली. त्याच्या सीटला कराराचं कलम एकवीस लागू होतं.

चौथी पायरी म्हणजे लवाद. त्याचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक, त्यावर अपील नाही, हूं नाही की चूं नाही. लवाद निवडायची या लोकांची पद्धत मोठी समंजस आहे. सात नावांची यादी मागवायची आणि दोन्ही पक्षांनी आळीपाळीने एकेक नाव खोडायचं. शेवटी उरेल तो न्यायाधीश. आधी कोणी खोडायचं यासाठी नाणेफेक, आणि नाणं कुणाचं यासाठी दोन आठवड्यांचा पत्रव्यवहार. ज्याने कधी मालकाच्या बाजूने निकाल दिला होता, त्याला रॉस्कोने खोडलं. ज्याने कधी कामगाराच्या बाजूने दिला होता, त्याला मिस व्हिटकोमनी खोडलं. उरले एल्डन प्रूइट. यांनी आयुष्यात कोणता निकाल दिला होता ते कुणालाच सापडलं नाही. दोघांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा हा माणूस नव्हता, दोघांनाही ज्याची गंधवार्ता नाही असा होता. निःपक्षपाती म्हणतात ते यालाच. त्यांना मोकळी तारीख आठ महिन्यांनंतरची होती.

सुनावणी शाळेच्या वाचनालयात झाली. कॉफी होती, डोनट होते. खुर्च्या मात्र पहिलीतल्या मुलांच्या मापाच्या. मिस व्हिटकोम आणि रॉस्को गुडघे हनुवटीला लावून कसेबसे मावले. प्रूइट सव्वासहा फूट उंच होते, पाठीचे रुग्ण होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मोठ्या माणसाच्या मापाची एकच खुर्ची तिथे होती, लाल चिठ्ठीची. ते तिच्यावर बसले. पुराव्यावर बसू नका, असं लवादाला सांगायचं कुणी?

डोरीन एका चिमुकल्या खुर्चीकडे वळली, तशी रॉस्कोने तिची बाही ओढली. "यावर बसलीस तर म्हणतील, हिला कोणतीही खुर्ची चालते. उभी राहा."

डोरीन उभी राहिली. आपल्याला उभं राहवत नाही हे सिद्ध करण्यासाठी ती पाच तास उभी राहिली. पाचव्या तासाला मिस व्हिटकोम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "लवाद महोदयांनी पाहिलंच आहे. तक्रारदार सकाळपासून उभ्याच आहेत."

डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "बाई, मला बसू देत नाहीत म्हणून उभी आहे मी!"

"नेमकं हेच," रॉस्को टाळी वाजवून म्हणाला. मग त्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. खुर्ची नुसती देऊन भागणार नाही. प्रिन्सिपॉल उद्या गोड बोलून बाईला उठवतील. म्हणून निवाड्यात असं लिहावं की अकरा ते एक या वेळात तिला कुणीही उठवू नये, आणि तिने स्वतःही हा हक्क सोडू नये. कारण हक्क एकट्या डोरीनचा नाही, साऱ्या युनियनचा आहे. एकीने सोडला की सगळ्यांचा सैल होतो.

"आणि दुसऱ्या कुणाला तो लागू होऊ नये," मिस व्हिटकोम तत्काळ म्हणाल्या. "निवाड्यात नाव फक्त हॅवरकॅम्प यांचं हवं."

सव्वा वर्षात दोन्ही पक्षांनी एकमेकांचं काही मान्य केलं ते एवढंच. प्रूइट यांनी ते लिहून घेतलं, मग ते निवाडा लिहायला आपल्या गावी गेले आणि चार महिने लिहीत राहिले.

त्या चार महिन्यांत गुडघा गेला. एका मंगळवारी टाको घेणाऱ्या मुलांची रांग चालू असताना तो जो वाकला तो सरळ झालाच नाही. ग्लेंडाने तिला पिठाच्या ट्रॉलीवर घालून गाडीपर्यंत नेलं. डॉक्टरने गुडघा बदलला, धातूचा बसवला, आणि डोरीन सात आठवड्यांनी कामावर निघाली तेव्हा बजावलं, "आता एक लक्षात ठेवा. दहा मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसायचं नाही, नाहीतर सांधा आखडेल. उठत राहा, चालत राहा."

ती आली त्याच दिवशी निवाडा आला. डोरीन जिंकली होती! सदर खुर्ची अत्यंत सोयीची असल्याचे लवादाने स्वतः पाच तास पडताळून पाहिले आहे, असं त्यात म्हटलं होतं. सबब, डोरीन हॅवरकॅम्प हिने शाळेच्या प्रत्येक दिवशी अकरा ते एक सदर खुर्चीवर बसावे, तिला कोणी उठवू नये, तिने स्वतः उठू नये. युनियनने मोठा चौकोनी केक आणला. त्याच्यावर क्रीमची खुर्ची काढली होती. ती रॉस्कोने कापली.

"रॉस्को, मला आता बसायचं नाहीये," डोरीन म्हणाली.

रॉस्कोचा घास तोंडातच राहिला. "एकोणीस महिने! एकोणीस महिने लढलो आम्ही तुझ्या बसण्यासाठी!"

"माझा गुडघा बदललाय रे. डॉक्टर म्हणतो, उठत राहा."

"डॉक्टरने करारावर सही केलीय का?"

डोरीन बसली. पहिल्या दिवशी एक वाजता ग्लेंडा आणि भांडी घासणारी बाई यांनी दोन्ही काखांत हात घालून तिला उठवलं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी बालवर्गातल्या एका मुलीचं ताट पडलं. सूप सगळं अंगावर. डोरीन उठली, काउंटरबाहेर आली, आणि तिने पोरीचे हात पुसले.

लुडविग धावत आले. चेहरा पांढराफटक. "डोरीन, खाली बसा हो! हात जोडतो. कुणी बघितलं तर मंडळाने निवाडा मोडला असं होईल."

"पोर भाजलं असतं, सर."

"मला कळतंय," लुडविग म्हणाले आणि त्यांनी लेखी ताकीद दिली. उभे राहिल्याबद्दल.

डोरीनने तो कागद रॉस्कोला दाखवला. आता काय करता येईल?

"तक्रार कर की!" रॉस्कोचा चेहरा उजळला. "पहिली पायरी, प्रिन्सिपॉलशी तोंडी चर्चा. दहा कामाच्या दिवसांत."

डोरीनने कागदाची घडी घालून तो खिशात टाकला. मग ती म्हणाली, "तुझी बस सुटायची वेळ झाली." शुक्रवारी तिने राजीनामा दिला. बालवर्गाच्या मुलांनी तिला काढून दिलेल्या कार्डावर ती काउंटरमागे दाखवली होती, खुर्चीशिवाय; त्यांनी तिला बहुतेक उभीच पाहिली होती. ते कार्ड छातीशी धरून ती लंगडत गाडीकडे गेली. तेवीस वर्षांचं काम होतं, रडू आवरलं नाही तिला.

तिच्या जागी ट्रूडी नावाची बाई आली. वय चौपन्न, कमरेचं दुखणं जुनं. काउंटरमागे ती छान तीन चेंडूंची खुर्ची आहे. रोज अकराला ती झाडून-पुसून मांडली जाते आणि एकला उचलली जाते, कारण निवाडा बंधनकारक आहे. ट्रूडी तिच्याशेजारी उभी असते. निवाड्यात तिचं नाव नाही. परवा तिने रॉस्कोला विचारलं, मी टेकू का जरा? रॉस्कोने खिशातून करार काढला.

गावात विचाराल तर सगळे सांगतील, डोरीनला न्याय मिळाला, पद्धत चोख आहे. खरंच आहे. अधीक्षकांनी बसून विचार केला, मंडळाने बसून मतं दिली, युनियनने बसून लढा दिला, लवादाने तर त्याच खुर्चीवर बसून न्याय केला. आपणही ही हकिगत वाचून हळहळला असाल. उभ्याने वाचली असेल, असं काही वाटत नाही.