उजवीकडे कोण बसणार

आचारी मिळाला, बँड मिळाला, गुरुजी तर एकाला दोन मिळाले. पण फोटोग्राफर काही मिळेना. शरयूचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचे वडील श्रीपादराव सायकलवरून ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात चकरा मारून टेकीला आले होते. एरवी माशा मारत बसणारे स्टुडिओवाले आता मान वर करून बोलायला तयार नव्हते.

कारण उघड होतं. मध्य भारत नावाचं राज्य नुकतंच संपलं होतं. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, असा आठ वर्षांचा संसार मोडून नवा मध्य प्रदेश झाला होता आणि लश्कर भागातल्या निम्म्या कचेऱ्या बिऱ्हाडांसकट भोपाळला निघाल्या होत्या. जो तो निघण्याआधी घरच्यांचा एक ग्रुप फोटो काढून घेत होता. बदलीचे हुकूम सरकारनं काढले आणि चांगभलं झालं फोटोवाल्यांचं!

श्रीपादराव हिशेब खात्यात होते. त्यांना भोपाळ लागलं. धाकटा भाऊ मधुसूदन हायकोर्टात होता. तो जबलपूरला चालला. शरयू लग्न होऊन इंदूरला. आणि थोरली बहीण इंदुताई मात्र इथेच, म्हाताऱ्या भालचंद्रकाकांचं करायला राहणार होती. या इंदुताईसाठीच श्रीपादरावांचा एवढा आटापिटा चालला होता. आई गेली तेव्हा श्रीपादराव चड्डीत होते. विधवा होऊन माहेरी आलेल्या ताईनंच दोघा भावांना न्हाऊमाखू घातलं, रागे भरलं, नोकरीला लावलं. अशा ताईचा घरात एकही फोटो नव्हता. ताईला सोडून भोपाळला जायचं या विचारानं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. निदान सगळ्या घरादाराबरोबर तिचा एक फोटो तरी न्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मला नको हं त्यात ओढूस," ताईनं आधीच बजावलं होतं. "पोरीच्या लग्नाचा फोटो, आणि त्यात मी कशाला?"

"अगं, पण तू नाहीस तर मग तो फोटो घेऊन मी करू काय?"

"भिंतीला लाव. जा आता, वाटाण्याच्या शेंगा आण. आणि त्या दुकानदाराशी गप्पा मारत नको बसूस."

शेवटी पडाव मोहल्ल्यात, स्टेशनजवळच्या एका जिन्याखाली, त्यांना कुंजबिहारी सक्सेना सापडला. हा वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा. निवडणुका, मोर्चे, संप, पूर, सगळं त्यानं काढलं होतं. लग्न मात्र एकही नाही. छातीवर लोंबणारा कॅमेरा, त्यात वरून मान घालून बघायचं आणि खटका दाबायचा. तिपाई नाही, काळं कापड नाही, पडद्यावरचं तळं आणि राजहंस नाहीत.

"ग्रुप फोटो खींच लेते हो न?" श्रीपादरावांनी विचारलं.

"सब खींच लेते हैं, बाबूजी. बस एक बात है. हम किसी को बिठाते नहीं. जो हो रहा है, वही खींचते हैं."

श्रीपादरावांना वाटलं, बिचारा विनयानं बोलतोय. त्यांनी जिन्याखालीच हात जोडून त्याला पक्कं केलं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासूनच लोकांना कळून चुकलं की हे प्रकरण निराळं आहे. इंदूरचे व्याही रघुनाथराव कॅमेरा दिसताच फेटा सावरून, छाती फुगवून उभे राहिले. सक्सेना त्यांच्यासमोरून निघून गेला. ते तसेच उभे! चेहरा लाल झाला, श्वास पुरेना, शेवटी सुटलेल्या श्वासाबरोबर सणसणीत शिंक आली, आणि तेवढ्यात कुठूनसा सक्सेना उगवला. खट्!

"अहो, हा माणूस आहे का कोण?" रघुनाथराव कडाडले. "आमच्या इंदूरला असे फोटो नाही काढत कोणी!"

मग काय, जिकडेतिकडे तीच तऱ्हा. पंगतीत मधुसूदननं जिलबीचा घास तोंडात कोंबला, खट्. नवरदेवाला मुंडावळ्यांखाली कपाळ खाजवायचं होतं, खट्. भालचंद्रकाका मंगलाष्टकं चालू असताना तोंड उघडं टाकून झोपले होते, तिथे तर दोनदा. शरयूची आई पद्मावहिनी श्रीपादरावांना कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अहो, हा काय करून राहिलाय? माझा डोळे पुसताना खेंचला त्यानं. नवी पैठणी नेसून सकाळपासून मिरवतेय, तेव्हा कुठे गेला होता?"

"ग्रुप फोटो आहे न अजून," श्रीपादराव म्हणाले. "शेवटचा रोल त्याच्यासाठीच ठेवायला सांगितलाय. सगळं ठीक होईल."

आणि इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

जेवणं उरकल्यावर अंगणात खुर्च्या, बाकं मांडली आणि भालचंद्रकाका डगला घालून बाहेर आले. काकांची सगळी हयात दरबारात गेली होती. कोण कुठे बसणार, कोण कोणाच्या मागे उभा राहणार, कोणाला गादी आणि कोणाला नुसता गालिचा, हे सगळं त्यांच्या जिभेवर असायचं. दरबार बंद पडला आणि काकांना बसवायला कोणी उरलं नाही. आठ वर्षं हा माणूस तळमळत होता. आज समोर एवढी माणसं आणि एवढ्या खुर्च्या बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कोणी बसायचं नाही!" काका गरजले. "मी सांगेन तसं बसायचं."

वधूवर मध्ये बसले. वधूपक्ष उजवीकडे, वरपक्ष डावीकडे, असं काकांनी फर्मावलं. रघुनाथराव बसता बसता उठले.

"डावीकडे का? आम्ही मुलाकडचे आहोत."

"यजमान ग्वाल्हेर आहे," काका म्हणाले. "ग्वाल्हेर उजवीकडे."

"वा वा! आणि इंदूर काय वाटेवर पडलंय? राजधानी आमच्याकडेही होती म्हटलं!"

"उन्हाळ्यापुरती!"

"तुमची काय बारमाही होती? थंडीपुरतीच होती न?"

हे ऐकून शेजारचे महिपतराव पुढे सरसावले. ते जुने रिसालदार. घोडा गेला होता पण मिशा शाबूत होत्या. "श्रीपादराव, मी दुसऱ्या रांगेत बसायला तयार आहे," ते म्हणाले, "पण तुमच्या कचेरीतल्या त्या सेक्शन ऑफिसरच्या मागे नाही. हे साहेब काल झालेत. आमच्या आजोबांना हत्तीवर बसायचा मान होता."

"महिपतराव, अहो फोटो आहे फक्त!" श्रीपादराव काकुळतीला आले. "ऊन चाललंय हो!"

थंडीचं ऊन ते. भिंतीवरून सरकत सरकत तुळशीपर्यंत गेलं होतं. शिवाय इंदूरकरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. काकांनी तोडगा काढला. "राजधानीसारखं करा. एक फोटो ग्वाल्हेर उजवीकडे, दुसरा इंदूर उजवीकडे."

"मग पहिला आमचा!" रघुनाथराव म्हणाले.

"आत्ता थंडी चालू आहे," काका शांतपणे म्हणाले. "थंडीत ग्वाल्हेर."

यावर जो गलका उसळला, तो विचारू नका. त्यात मधुसूदनला विनोद सुचला. तो नेहमी नको तेव्हाच सुचतो. "अरे, भांडता कशाला? राजधानी गेली न आता! भोपाळचं कोणी आलंय का? त्यालाच मध्ये बसवा!"

दुर्दैवानं भोपाळचं एकजण आलं होतं. पद्मावहिनींचे मावसभाऊ, अगदी गरीब गाय, कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. पोरांनी त्यांना उचलून वधूवरांच्या मागे मधोमध बाकावर उभं केलं. त्याबरोबर ग्वाल्हेर आणि इंदूर एक झालं.

"यांचा काय संबंध?" रघुनाथराव आणि काका एकदमच ओरडले.

"मला तरी कुठे यायचं होतं," मावसभाऊ पुटपुटले. "मला उतरवा तरी."

खुर्च्या ओढल्या जात होत्या, फेटे सुटत होते. पोरंसोरं, आचारी, गुरुजी, न्हाणीघरातून केस पुसत आलेल्या बायका, सगळेच तमाशा बघायला अंगणात गोळा झाले. नवरदेव आपल्याच बापाचा डगला धरून त्याला मागे ओढत होता. शरयूचा चेहरा रडवेला झाला. सक्सेना मात्र मान खाली घालून सगळीकडे हिंडत होता. खट्. खट्. खट्.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. इंदुताई मागे शिदोरीचे लाडू बांधत होती. बाहेरचा आरडाओरडा ऐकून ती तशीच आली, हात तुपाचे, पदर खोचलेला. विधवेनं नवऱ्यामुलीच्या वाटेत यायचं नाही म्हणून जी बाई सकाळपासून बोळातून ये-जा करत होती, ती गर्दी सारत थेट मधोमध येऊन उभी राहिली.

"लाज वाटत नाही का रे कोणाला? पोर रडतेय तिकडे!" तिनं हात उगारला. "खुर्च्या हव्यात न? कोणाला नाही खुर्ची! जो जिथे आहे तिथेच खाली बसा! काका, तुम्ही पण!"

आणि काय सांगावं, सगळे बसले. सारवलेल्या अंगणात, पटापटा. रिसालदार मांडी घालून बसले, सेक्शन ऑफिसर त्यांच्या शेजारी. रघुनाथराव बसले, काका बसले, भोपाळ तर आधीच बसलं होतं.

खट्.

श्रीपादराव भानावर आले. "सक्सेनाजी, अब! अब ग्रुप खींचिए! ताई, तू हलू नकोस!"

"बाबूजी, रोल तो ख़तम हो गया," सक्सेना म्हणाला. "और धूप भी."

ताई तोवर बोळातून नाहीशी झाली होती. इंदूरकरांचे टांगे दाराशी लागले. शरयू सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि गेली. श्रीपादराव रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिले. मुलगी गेली, गाव चाललं, आणि ताईचा फोटो राहिला तो राहिलाच, असं म्हणून ते मोठ्यांदा रडले. पद्मावहिनींनी आणलेला चहा तसाच गार झाला.

भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी सक्सेना सायकलवरून फोटो घेऊन आला. घरात नुसत्या बांधलेल्या वळकट्या पडल्या होत्या. त्यांच्यावरच बसून सगळ्यांनी फोटो बघितले. रघुनाथरावांची शिंक बघून मधुसूदन गडबडा लोळला. आपला घासानं फुगलेला गाल बघून मात्र गप्प झाला. भांडणाच्या फोटोत तर काकांचा हात रघुनाथरावांच्या फेट्यात असा अडकलेला होता की सोडवत होते का ओढत होते, देव जाणे. श्रीपादराव कडवट तोंडानं एकेक फोटो खाली ठेवत होते.

शेवटचा फोटो मात्र त्यांनी हातातच धरून ठेवला.

त्यात सगळे होते. अगदी सगळे. आचारी होता, गुरुजी होते, ओल्या केसांच्या बायका होत्या, वधूवर होते, इंदूर होतं, भोपाळ होतं. पण सगळे खाली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, एकटी उभी, पदर खोचून हात उगारलेली इंदुताई.

"ताई!" श्रीपादरावांनी हाक मारली. "ताई, इकडे ये लवकर! तू आलीस बघ!"

ताईनं फोटो हातात घेतला. बघितला. तिचा चेहरा उतरला. "फाडून टाक हा."

"ताई!"

"फाड म्हणते न! पोरीच्या लग्नाच्या फोटोत मधोमध मी? सोवळी बाई? लोक काय म्हणतील? तिच्या सासरी काय म्हणतील? आण, मीच फाडते."

तिनं फोटोचा कोपरा चिमटीत धरला. श्रीपादरावांनी तिचं मनगट पकडलं. ताईच्या शब्दापुढे जायची त्यांना आयुष्यात कधी सवय नव्हती. त्यामुळे पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. नुसते धरून राहिले.

"थांब, इंदू," भालचंद्रकाका म्हणाले. "आधी मला बघू दे."

काकांनी चष्मा पुसला. फोटो उजेडात धरला. मग पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत, एकेकावर बोट ठेवत, त्यांनी अख्खी बैठक तपासली. दरबाराच्या आदल्या दिवशी तपासायचे तशी. काका चुका काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी आजवर चूक काढली नाही अशी बैठक झाली नव्हती.

"फाडायचा नाही," काका शेवटी म्हणाले.

"अहो काका, पण मी मध्ये..."

"तू मध्येच. मी मांडायला घेतलं असतं न, तर तुला बोळात ठेवलं असतं. मला तशीच शिकवण. आयुष्यभर लोकांना बसवलं मी, पण घरातला मान कोणाचा ते मला नाही समजलं." त्यांनी चष्मा काढला. "इंदू, ही बैठक बरोबर लागलीय. एक माणूस हलवायचं नाही."

ताई वळकटीवर टेकली. फोटो मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिली. पदरानं तिनं आधी डोळे पुसले आणि मग फोटो पुसला.

"श्रीपाद."

"हं, ताई."

"भोपाळच्या घरी हा आतल्या खोलीत नको लावूस. दारासमोर लाव." तिनं नाक ओढलं. "कचेरीतून वेळेवर येतोस का नाही, ते दिसायला पाहिजे मला."