नावाड्याचं पुढे काय झालं

"ताई, लागलाय!" छोट्या फोनवर ओरडला.

"काय लागलंय? कुठे लागलंय? रक्त येतंय का?"

"अगं, सिनेमा लागलाय! नावाड्याचा. जुने सिनेमे दाखवताहेत म्हणे. दुपारचा खेळ आहे. ये, एकदाचा निकाल लावून टाकू."

छोट्या आता छोटा राहिला नव्हता. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, चष्म्याचं स्वतःचं दुकान होतं. पण घरातलं नाव चिकटलं ते चिकटलंच. समोरचं गिऱ्हाईक नाकावर तपासणीची जड फ्रेम घेऊन भिंतीवरची अक्षरं वाचायला ताटकळत बसलं होतं.

"येते," ताई म्हणाली. शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे तिचा होकारसुद्धा शिक्षेसारखा वाटायचा. "पण हरलास तर सगळ्यांसमोर कबूल करायचं."

लहानपणी आई, अण्णा आणि ही दोघं पायी सिनेमाला जायची. खुर्चीच्या स्प्रिंगा टोचायच्या, पुढच्या माणसाचं डोकं नेमकं पडद्याच्या मधोमध यायचं, प्रकाशाच्या झोतात धूळ तरंगायची. छोट्या कधीकधी सिनेमा सोडून ती धूळच बघत बसायचा. आणि गोष्ट ऐन रंगात आली, आता काहीतरी होणार, असं वाटलं की अण्णा उठून उभे राहायचे. "चला. गर्दी होईल."

मग अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात चौघंही बाहेर. मान पडद्याकडे वळवून चालताना छोट्या कितीदा तरी खांबावर आपटला. संबंध बालपणात त्या दोघांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. शेवट घरी गेल्यावर आई सांगायची. छोट्याला स्वयंपाकघरात थोपटताना, ताईला बाहेरच्या खोलीत वेणी सोडून देताना. तिला तो कसा ठाऊक, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. आईला सगळंच ठाऊक असायचं.

बाकीचे शेवट विसरले गेले. नावाडी तेवढा राहिला. तो वादळात नाव घेऊन जातो आणि त्याची बायको कंदील घेऊन किनाऱ्यावर उभी राहते, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. छोट्या म्हणायचा, नावाडी पोहत परत येतो. ताई म्हणायची, छे, बायको कंदील ठेवते, दुसरी नाव पाण्यात ढकलते आणि स्वतः वल्ही मारत निघते.

"आई, तूच सांग गं," म्हटलं, की आई हसायची. "दोघंही बरोबर."

आधी गंमत होती. मग आईच्या एका वाढदिवसाला वाद नावाड्यावरून निघाला आणि भलतीकडेच गेला. "तुला पहिल्यापासून स्वतःचंच खरं करायचं असतं," छोट्या म्हणाला. "आणि तुला पहिल्यापासून आयतं मिळालंय," ताई म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठून गेली. त्यानंतर बरेच महिने ती आलीच नाही. आई आजारी पडल्याचं कळल्यावर धावत आली, तेव्हा आईची वाचा गेली होती. आई गेल्यावर दोघं बोलू लागली, पण नव्याने ओळख झालेल्या माणसांसारखी, जपून, हवापाण्याबद्दल.

सिनेमाचा फोन हे बऱ्याच काळातलं पहिलं मोकळं बोलणं होतं.

छोट्याची बायको कामावर गेलेली, त्यामुळे म्हाताऱ्या अण्णांना घरी एकटं ठेवता येईना. त्यांनाही बरोबर घेतलं. थिएटरात माणसं तुरळक होती. अण्णांना मधे बसवून दोघं दोन्ही बाजूंना पहाऱ्याला बसली.

नावाडी वादळात गेला. बायकोने कंदील पेटवला. ताई खुर्चीच्या टोकाला आली. छोट्याने चष्मा पुसला. आणि अण्णा उठले.

"चला. गर्दी होईल."

"अण्णा, माणसं कुठे आहेत गर्दी व्हायला? बसा बघू."

अण्णा बसले. दोघांचे डोळे पडद्याला चिकटलेले. जरा वेळाने ताईने हाताने चाचपलं तर मधली खुर्ची रिकामी. बाजूचं दार उघडून अण्णा उजेडात चालले होते.

"छोट्या, जा पटकन! पायऱ्या आहेत तिथे!"

"तू जा ना."

"मी गेले की तू मला काहीही सांगशील."

"आणि मी गेलो की तू खरं सांगणारेस?"

"तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझा आहे?"

मागून कोणीतरी "अहो, गप्प बसा की!" म्हणून खेकसलं. तोडगा एकच होता. दोघंही गेली.

अण्णा सुखरूप होते. मागच्या आवारात एका पायरीवर बसून बूट झटकत होते. छोट्याने त्यांचा दंड धरला, ताईने हुश्श केलं आणि तेवढ्यात मागे दार खट्कन बंद झालं. त्याला बाहेरून मूठच नव्हती. ताईने दार बडवलं. भिंतीतून फक्त संगीत ऐकू येत होतं, चढत चढत जाणारं. त्यावरून नावाडी पोहतोय की बायको वल्हवतेय, काही कळेना.

"पुढून जाऊ!" ताई म्हणाली. आयुष्यभर मुलांना व्हरांड्यात पळू नका म्हणणारी ती साडी सावरत इमारतीला वळसा घालून पळाली. मागे पोट सांभाळत छोट्या. पोचली तेव्हा दिवे लागले होते. एक गृहस्थ झोपेतून उठत होते. एका जोडप्याला विचारलं, तर ती दोघं लाजली. त्यांनी सिनेमा बघितलाच नव्हता. दारावरचा माणूस म्हणाला, "आम्ही बाहेरच असतो, साहेब. आम्हाला फक्त आवाज पाठ."

दोघं धापा टाकत अण्णांजवळ परतली आणि पायरीवर मटकन बसली.

"काय झालं एवढं?" अण्णांनी विचारलं.

"शेवट चुकला, अण्णा. परत."

"मग मला विचारायचं की." अण्णा शांतपणे म्हणाले. "नावाडी येतो परत. पण नाव बुडालेली असते. हात हलवत येतो. बायको म्हणते, नाव गेली तर गेली, तुम्ही आलात ना, बसा, जेवून घ्या. संपलं."

ताई त्यांच्याकडे वळली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईने. माझं दुकान बंद पडलं ना, त्याच सुमाराची गोष्ट. मी काही दिवस जेवतच नव्हतो नीट."

छोट्याला एकदम आठवलं. त्या वर्षी तो पाण्याला भ्यायचा, विहिरीजवळसुद्धा जायचा नाही. आणि ताईचं नाव शाळेतून काढायचं चाललं होतं. त्याने ताईकडे पाहिलं. तिलाही काहीतरी आठवत होतं. ती पदराने चष्मा पुसू लागली, तो काही केल्या पुसला जाईना.

"पण अण्णा, तुम्ही आम्हाला दर वेळी का उठवायचात?" छोट्याने विचारलं.

"मी?" अण्णांना खरंच नवल वाटलं. "तुमची आईच कोपर मारायची. मी आपला उठायचो. तुम्ही मला नावं ठेवायचात आणि ती हसायची."

"का पण?"

"विचारायचं राहिलं," अण्णा म्हणाले.

दारावरचा माणूस सांगत आला, की हाच सिनेमा पुढच्या खेळाला परत लागतोय, बघायचा असेल तर बसा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग छोट्याने अण्णांना हात दिला आणि तिघं घराकडे निघाली.

छोट्याची बायको कामावरून येऊन दारातच उभी होती. इतकी वर्षं हा वाद ऐकून तिचे कान किटले होते. "मग? कोण जिंकलं?"

"ताई," छोट्या म्हणाला. "बायकोच जाते नाव घेऊन."

"काहीतरीच! छोट्याचंच बरोबर आहे," ताई म्हणाली. "नावाडी पोहत येतो."

"ताई, उगाच माझी समजूत घालू नकोस. ती वल्हवत जाते!"

"तो पोहत येतो म्हणून सांगतेय ना! तुला पहिल्यापासून..." ताई बोलता बोलता थांबली.

बायको आळीपाळीने दोघांकडे बघत होती. शेवटी तिने अण्णांना विचारलं, "अण्णा, तुम्ही सिनेमा बघितलात ना नक्की?"

अण्णा बूट काढत होते. बराच वेळ काढत राहिले.